चंदेरी पिशवीतला मोबाईल

१

चंदेरी पिशवीतून मोबाईल बाहेर निघाला, बाईंनी त्याचं बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली: 'स्वागत आहे. भाषा निवडा.'

नवा कोरा मोबाईल दुकानातून आणला की हे दिसतं. हा मोबाईल नवा नव्हता. त्याची मालकीण एक तरुण नर्स होती आणि ती कोठडीत होती. ज्या म्हाताऱ्याची ती घरी राहून शुश्रूषा करायची, त्याला झोपेच्या गोळ्या जास्त देऊन मारलं असा तिच्यावर आरोप होता. तिला वाचवू शकेल अशी एकच गोष्ट होती आणि ती या मोबाईलमध्ये होती. आता तिथे भाषा निवडायची सोय तेवढी उरली होती.

समोर बाकांवर तपास अधिकारी बसले होते. पोलीस प्रशिक्षण केंद्रातला हा वर्ग. गुन्ह्यातला मोबाईल किंवा संगणक हाती आला तर आतला पुरावा न बिघडवता कसा काढायचा, हे या मंडळींना शिकवणं बाईंचं काम होतं. मंडळी आली होती ती बंदोबस्त चुकतो आणि पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून. बाईंना हे पहिल्या तासापासून माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हे त्यांनी कधी लपवलंही नव्हतं. मंडळी पाठीमागे त्यांना खडूस म्हणत. हेही त्यांना माहीत होतं.

"काय झालं मॅडम?" पहिल्या बाकावरून वस्तादांनी विचारलं. नर्सच्या प्रकरणाचा तपास यांच्याकडेच होता. आरोपीला बोलतं करण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही अशी त्यांची ख्याती होती, आणि ती त्यांनी स्वतःच पसरवली होती.

"पुसलाय," बाई म्हणाल्या. "सगळा."

"रीसेट झालाय मॅडम," वस्तादांच्या शेजारचा इंजिनिअर म्हणाला. पोलिसात येण्याआधी त्याने संगणकाची पदवी घेतली होती आणि हे तो दिवसातून एकदा तरी कोणाला ना कोणाला सांगायचा.

"तेच मी मराठीत म्हणाले."

बाईंनी पिशवीकडे पाहिलं. या पिशवीवर त्यांचा एक अख्खा तास होता. जप्त केलेला मोबाईल चालू असेल तर चालूच ठेवायचा आणि पिशवीत घालायचा. पिशवीच्या कापडातून सिग्नल आरपार जात नाही. मोबाईलच्या मालकाने किंवा त्याच्या साथीदाराने लांबून 'सगळं पुसून टाक' असा हुकूम सोडला, तरी तो आत पोचत नाही. मोबाईल असा पिशवीतून बाहेर काढतात तो थेट प्रयोगशाळेत, सिग्नल अडवणाऱ्या जाळीच्या बंदिस्त खोलीत, जशी ही होती. मग हुकूम पोचला कसा?

पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह होतं. अर्ध्याहून जास्त भरलेलं. बाईंनी ते दोनदा पाहिलं.

पिशवीत कोंडलेला मोबाईल सिग्नलसाठी जिवाच्या आकांताने धडपडतो आणि त्या धडपडीत त्याची बॅटरी झपाट्याने उतरते. हा मोबाईल वस्तादांनी आणून देऊन दिवस उलटले होते. एव्हाना तो निपचित पडायला हवा होता. म्हणजे कोणीतरी तो बाहेर काढला होता, आणि चार्जरला लावला होता.

मोबाईल ठेवला होता त्या ऑफिसातल्या कपाटाला कुलूप होतं. कुलूप फोडलेलं नव्हतं. जो कोणी होता, तो याच इमारतीतला होता.

२

मोबाईल आदल्याच दिवशी उघडायचा असं बाईंनी ठरवलं होतं. तो उघडला असता तर आज ही वेळ आली नसती. पण संचालकांनी मध्ये पाय घातला होता.

संचालक हे केंद्राचे प्रमुख. गुन्हेगारी हा विषय त्यांना मनापासून कंटाळवाणा वाटे. त्यांचा खरा जीव फलक, फीत, पुष्पगुच्छ आणि फोटो यांत होता. "खऱ्या प्रकरणातला मोबाईल आपल्या केंद्रात उघडला जातोय. उद्या सकाळी उघडा. फोटोग्राफरला सांगून ठेवतो," ते म्हणाले होते. बाईंनी वाद घातला होता आणि हरल्या होत्या. संचालकांशी वाद घालणं म्हणजे उशीवर बुक्के मारणं.

मोबाईलचा पासवर्ड मात्र बाईंनी स्वतः मिळवला होता. वस्तादांनी तो मिळवण्यासाठी आवाज चढवला, टेबल आपटलं, त्या पोरीला उभं करून ठेवलं. तिने तोंड उघडलं नाही. मग बाई ठाण्यात गेल्या. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मी तुझा मोबाईल उघडणार आहे. आत काय आहे ते तुला माहीत आहे, मला नाही. सांगशील?"

नर्सने पासवर्ड सांगितला आणि ती म्हणाली, "आत व्हिडिओ आहे. आजोबा दिवसभर झोपूनच असायचे, मला शंका आली होती. एकदा स्वयंपाकघराच्या दारातून मी शूट केलं. दादा पाण्याच्या पेल्यात गोळ्या कुस्करत होते."

दादा म्हणजे म्हाताऱ्याचा पुतण्या. याच प्रकरणातला फिर्यादी. येताना बाईंनी त्याला वस्तादांच्या खोलीत पाहिलं होतं. परीटघडीचा सदरा, हातात चहा, चेहऱ्यावर दुःख. वस्ताद त्याची समजूत घालत होते.

"तू शूट केलंस हे त्याला माहीत आहे?"

"मी मोबाईल खाली घेत होते तेवढ्यात त्यांनी वळून बघितलं. दुसऱ्या दिवशी आजोबा गेले आणि पोलीस मलाच घेऊन आले."

"हे तू तपास अधिकाऱ्याला सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, फार सिनेमे बघतेस."

"मग पासवर्ड का नाही दिलास त्यांना?"

"दादा तिथेच बसलेले असायचे," नर्स म्हणाली. "रोज."

बाईंना त्या क्षणी वस्तादांना गणवेशासकट पाण्याच्या पिंपात बुडवावंसं वाटलं होतं. ते करता येत नाही म्हणून त्या गप्प राहिल्या. व्हिडिओबद्दल त्यांनी कोणापाशी चकार शब्द काढला नाही. वर्गात आणि संचालकांना त्या इतकंच म्हणाल्या, की पासवर्ड मिळालाय, उद्या मोबाईल उघडू, आत पुरावा असण्याची शक्यता आहे.

आणि आता उद्या वर्गाचा समारोप होता आणि परवा त्या पोरीला कोर्टात उभं करणार होते. मोबाईल कोरा म्हणजे तिचं म्हणणंही कोरं. पुढची कित्येक वर्षं तिची तुरुंगात जातील, आणि तिला तिथे धाडणाऱ्यांपैकी एकाचीही झोप मोडणार नाही.

संचालक धावतपळत वर्गात आले. मागे फोटोग्राफर होता.

"पिशवीतून कोणी काढला?" संचालकांनी आल्या आल्या विचारलं. "चावी कोणाकडे असते? हवालदाराकडे. त्याला आधी निलंबित करा."

मोबाईल पुसला गेलाय एवढंच कोणीतरी त्यांना कळवलं होतं. पिशवीबद्दल अजून कोणी बोललंही नव्हतं.

३

बाईंनी एकेकाला आपल्या खोलीत बोलावलं.

पहिला हवालदार. कपाटाची चावी त्याच्या कमरेला असायची. तो दारातच उभा राहिला. "मॅडम, मी उघडलं नाही. पण खोटं नाही बोलणार, संध्याकाळी मी चावी टेबलावर ठेवून चहाला गेलो होतो."

"चावी टेबलावर ठेवून?"

"पोलिसांच्या इमारतीत कोण चोरी करणार, मॅडम?"

बाईंनी कपाळाला हात लावला. हा प्रश्न तो मनापासून विचारत होता. म्हणजे कपाट कोणालाही उघडता आलं असतं, आणि हवालदार खोटं बोलत नव्हता. इतकं वेडगळ खोटं बोलायला अक्कल लागते.

दुसरा इंजिनिअर. तो पायावर पाय टाकून बसला, मग बाईंच्या नजरेने पाय खाली घेतला.

"तुझ्या मोबाईलचा चार्जर दाखव."

त्याने दाखवला. नव्या पद्धतीची गोल कडांची पिन. नर्सचा मोबाईल जुना होता, त्याला चपटी पिन लागायची. हा त्यात शिरलाही नसता.

"काल संध्याकाळी कुठे होतास?"

"खोलीवर. अभ्यास करत होतो."

"खरं सांग."

इंजिनिअरचे कान लाल झाले. "मेसच्या मागे, मॅडम. मुलगी बघायला जायचंय रविवारी. तिच्याशी फोनवर बोलत होतो. घरी अजून माहीत नाही की आमचं आधीच ठरलंय. वाटल्यास तिला विचारा."

"त्या मोबाईलला हात लावलास?"

"लावला," तो खाली बघत म्हणाला. "काल दुपारी, पिशवीवरूनच. दाबून बघितलं, उजेड दिसतो का. पण काढला नाही. तुम्हीच सांगितलंय ना, काढायचा नाही."

"मी सांगितलेलं तू ऐकतोस हे मला आजच कळलं. जा."

तिसरे वस्ताद. ते आले तेच बोलत. "मॅडम, कशाला डोकं शिणवताय? पोरीचा कोणीतरी भाऊबंद असेल, त्याने पुसला. म्हणजे गुन्हा सिद्धच झाला. मी रिपोर्टात तसंच लिहितो."

"कोठडीत असलेल्या पोरीने आपल्याच बचावाचा पुरावा पुसून घेतला?"

"बचावाचा? ते तिचं म्हणणं. सिनेमा बघून येतात आणि सांगतात."

"तिने मोबाईलमध्ये काय आहे म्हणून सांगितलं, ते तुम्ही कोणाला बोललात? नीट आठवा. हवालदाराला, इंजिनिअरला, संचालकांना, त्या पुतण्याला?"

वस्ताद मनापासून हसले. "बोलण्यासारखं काय होतं त्यात? मी ते घरी पोचेपर्यंत विसरलो. आरोपी काय वाट्टेल ते बरळतात. मी तर लिहूनही घेतलं नाही."

बाईंना यावर विश्वास ठेवावा लागला. काम न करण्याचा एवढा मोठा सराव असलेला माणूस दुसऱ्याला खबर देण्याचं काम तरी कशाला करेल? आयुष्यात पहिल्यांदा वस्तादांचा आळस त्यांच्या बाजूने साक्षीला उभा राहिला होता.

"तुमचा चार्जर कसला आहे?"

"मुलगा लावून देतो घरी. मला विचारू नका."

तिघेही गेले. चपट्या पिनेचा चार्जर कोणाकडेच नव्हता. बाईंनी प्रयोगशाळेचे खण उपसले, हवालदाराकडून सगळ्या खोल्या धुंडाळून घेतल्या. अख्ख्या इमारतीत तसला चार्जर नव्हता.

तरीही मोबाईलची बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

४

संचालकांच्या खोलीत भिंत दिसत नव्हती. छतापासून खुर्चीच्या पाठीपर्यंत फोटोच फोटो. संचालक कोणाला तरी काहीतरी देताहेत, किंवा कोणाकडून तरी काहीतरी घेताहेत. बाई या भिंतीकडे कधी बघत नसत.

"हवालदाराच्या निलंबनाचा कागद तयार आहे," संचालक म्हणाले. "तुमची सही हवी."

"त्याने काढलाच नाही तो मोबाईल."

"मग दुसऱ्या कोणी काढला असेल. पिशवीतून काढल्याशिवाय पुसला जातो का? तुम्हीच शिकवता ना? अशा पिशव्या आपण प्रत्येक ठाण्याला वाटल्यात. उगाच शंका काढू नका."

"मी पिशवीवर कुठे शंका काढली?"

"काढू नका म्हणतोय." संचालकांनी रुमालाने मान पुसली. "आणि एक सांगू का? तुम्ही फार मनाला लावून घेता. एवढा एक व्हिडिओ गेला म्हणून काय आभाळ कोसळलं का? उद्या मोठे साहेब येताहेत समारोपाला. हसऱ्या चेहऱ्याने उभ्या राहा म्हणजे झालं."

बाई सही न करता उठल्या. जिन्याच्या मधल्या पायरीवर त्या थांबल्या.

व्हिडिओ. आत व्हिडिओ आहे हे त्यांनी संचालकांना सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. वस्तादांनी सांगितलं नव्हतं, ते तर विसरलेच होते. नर्स कोठडीत होती. मग व्हिडिओची गोष्ट माहीत असलेला एकच माणूस बाहेर मोकळा फिरत होता. ज्याचा व्हिडिओ होता, तो.

पण पुतण्याचा आणि संचालकांचा काय संबंध? आणि पुतण्याने लांबून हुकूम सोडला असं धरलं, तरी पिशवी होती ना मध्ये.

५

बाई प्रयोगशाळेत परतल्या आणि टेबलापाशी बसून राहिल्या. चार्जर नाही. मोबाईल बाहेर काढल्याचा पुरावा नाही. बॅटरी भरलेली. त्यांनी हा गुंता दहा बाजूंनी ओढून बघितला आणि प्रत्येक वेळी तो पिशवीपाशी येऊन अडला.

मोबाईल बाहेर काढून चार्ज केला असेल, तर बॅटरी भरलेली असणार. बरोबर. पण बॅटरी भरलेली राहण्याचं आणखी एक कारण असू शकतं. मोबाईल सिग्नलसाठी धडपडलाच नसेल तर?

त्यांनी पिशवी हातात घेतली. चंदेरी, कुरकुरीत, वर निळी अक्षरं. या पिशवीवर त्यांनी किती वर्ग घेतले होते. परीक्षेत प्रश्न विचारले होते, उत्तरं तपासली होती, चुकलेल्यांना फैलावर घेतलं होतं.

बाई व्हरांड्यात आल्या, कारण प्रयोगशाळेला जाळी होती. त्यांनी स्वतःचा मोबाईल पिशवीत घातला, तोंडाची पट्टी दाबून बंद केली, पिशवी खुर्चीवर ठेवली. मग ऑफिसातल्या टेबलावरच्या फोनवरून स्वतःचाच नंबर फिरवला.

व्हरांड्यातून घंटी ऐकू आली. खणखणीत.

बाईंनी रिसीव्हर ठेवला नाही. घंटी वाजत राहिली आणि त्या ऐकत राहिल्या. दोन पावलं चालून एकदा नंबर फिरवला असता तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. केंद्रातल्या एकालाही ते सुचलं नव्हतं. त्यांनाही नाही. सगळ्या खात्याला मूर्ख समजता समजता त्या आरामात त्याच रांगेत उभ्या होत्या. त्यांना स्वतःची मनस्वी चीड आली, आणि ती चीड त्यांनी कामाला लावली.

पिशवी बनावट होती. मोबाईल बाहेर कोणी काढलाच नव्हता. तो कपाटात, कुलपात, पिशवीत असतानाच पुसला गेला होता.

पण मग पुसणाऱ्याला हे कसं माहीत? पोलिसांनी मोबाईल चंदेरी पिशवीत घातलाय म्हटल्यावर शहाणा माणूस हुकूम सोडण्याचा प्रयत्नही करणार नाही. पिशवीवर सगळ्यांचा विश्वास होता. ज्याचा नव्हता, असा माणूस एकच असणार. ज्याने ती विकली.

बाई पुन्हा संचालकांच्या खोलीत गेल्या. संचालक जेवायला गेले होते. या वेळी त्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या आणि एकेक फोटो नीट पाहिला. दाराच्या बाजूचा एक फोटो: संचालक आणि एक माणूस, दोघांच्या हातात मिळून एक चंदेरी पिशवी, दोघांचेही दात दिसताहेत. त्या माणसाचा सदरा परीटघडीचा होता.

हाच चेहरा बाईंनी ठाण्यात पाहिला होता. तेव्हा त्यावर दुःख होतं.

६

त्याच दुपारी बाई ठाण्यात जाऊन नर्सला भेटल्या.

"मोबाईल तुला कोणी घेऊन दिला?"

"दादांनी. आजोबांना काही झालं तर लगेच कळवता यावं म्हणून. खातंबितं सगळं त्यांनीच उघडून दिलं. मला त्यातलं कळत नाही."

"खात्याचा पासवर्ड?"

"मला कधी लागलाच नाही."

मोबाईल उघडायचा पासवर्ड तिचा होता, पण मोबाईलमागच्या खात्याचा पासवर्ड पुतण्याकडे होता, आणि लांबून पुसण्याचा हुकूम सोडायला खातंच लागतं. खातं मात्र नर्सच्या नंबरावर होतं. बाईंनी तिच्या परवानगीने, दोन साक्षीदार बसवून, तिचं सिमकार्ड दुसऱ्या मोबाईलमध्ये घातलं, 'पासवर्ड विसरलात?' वर बोट ठेवलं आणि खातं तिच्या ताब्यात आणलं. आत नोंद होती: काल संध्याकाळी, दुसऱ्या एका मोबाईलवरून, 'सगळं पुसा'. त्या दुसऱ्या मोबाईलचा प्रकारही लिहिला होता. महागातला होता.

"व्हिडिओ सापडला का?" नर्सने विचारलं.

"नाही. तो गेला."

नर्सने मान खाली घातली.

"त्याने तो पुसला," बाई म्हणाल्या. "तू निर्दोष असल्याचं दाखवायला आता तो माणूसच पुरेल. तू धीर सोडू नकोस."

दुसऱ्या दिवशी समारोपाला मोठे साहेब आले. पहिल्या रांगेत संचालकांनी 'केंद्राचे हितचिंतक' म्हणून एका पाहुण्याला बसवलं होतं. सदरा परीटघडीचाच होता. काकांना जाऊन महिनाही झाला नव्हता, पण सत्काराला यायला जमलं होतं. बाईंनी संचालकांचे मनोमन आभार मानले. पाहुण्याला घरी जाऊन शोधायचं काम त्यांनी वाचवलं होतं.

"भाषणाऐवजी मी एक प्रात्यक्षिक दाखवते," बाई मोठ्या साहेबांना म्हणाल्या. "वस्ताद, तुमचा मोबाईल या पिशवीत घाला. इंजिनिअर, तू लाव त्यांना फोन."

पिशवीतून घोडा खिंकाळला. वस्तादांची ती घंटी सगळ्यांना ठाऊक होती. मागे कोणीतरी फिसकन हसलं, मग हसणारा गप्प झाला, कारण काय झालंय ते एव्हाना शेवटच्या बाकापर्यंत पोचलं होतं.

"एखादी पिशवी सदोष निघते," संचालक उठत म्हणाले.

"दुसरी घेऊ. तिसरी घेऊ. मी काल सगळं कपाट तपासलंय." बाई पहिल्या रांगेकडे वळल्या. "या पिशव्या तुम्हीच पुरवल्यात ना? मग तुमच्याच मोबाईलवर बघू. द्या."

पाहुण्याचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"द्या की," मोठे साहेब म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

मोबाईल पुढे आला. महागातला. नोंदीत लिहिलेला प्रकार तोच. बाईंनी तो पिशवीत घातला नाही. मेसमधून मागवून ठेवलेला पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद त्यांनी त्याच्याभोवती तीनतीनदा लपेटला.

"हा कागद तुमच्या पिशवीपेक्षा बरा," त्या म्हणाल्या. "आता हा जप्त. या मोबाईलवरून परवा संध्याकाळी पोलिसांच्या कपाटातला एक मोबाईल पुसला गेला. पिशवीतून हुकूम आत पोचेल हे फक्त विकणाऱ्याला माहीत होतं. मोबाईल तुम्हीच घेऊन दिलेला, खातं तुम्हीच उघडलेलं. इतके दिवस तुम्ही थांबलात, कारण पासवर्डशिवाय मोबाईल उघडत नव्हता आणि पुसला तर संशय आला असता. पासवर्ड मिळाला, उद्या उघडणार, हे कळल्यावरच तुम्ही पुसलात. कळवलं कोणी, एवढंच तुम्ही सांगायचं."

पुतण्याने क्षणभरही विचार केला नाही. त्याने सरळ बोट दाखवलं. "यांनी. यांनीच फोन करून सांगितलं. म्हणाले, तुझ्याविरुद्ध काही निघालं तर पिशव्यांचंही निघेल."

संचालक काहीतरी बोलायला गेले. फोटोग्राफरला काय करावं ते कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्याने सवयीने फोटो काढला.

७

नर्सला सोडलं त्या दिवशी ठाण्यात वस्तादांचीच ड्युटी होती. पुतण्याने दोन दिवसांत सगळं ओकलं होतं: पेला, गोळ्या, काकांचं घर. त्याला बोलतं केल्याचं श्रेय वस्ताद येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून घेत होते. बाई कागदावर सही करायला आल्या होत्या आणि कोपऱ्यात उभ्या होत्या.

नर्सने आपला मोबाईल हातात घेतला. बटण दाबलं. पडद्यावर भाषा निवडायला सांगितलं होतं. ती ते बघत राहिली.

"सगळंच गेलं का यातलं?" तिने बाईंना विचारलं.

"हो."

"माझ्या मुलीचं पहिलं बोलणं होतं यात. आईने पाठवलं होतं. मी कामावर होते तेव्हा ती बोलली."

बाईंना फार वाईट वाटलं, आणि तसं वाटण्याचा आपल्याला कितपत हक्क आहे तेही कळेना.

वस्तादांनी टेबलावर हात थोपटला. "चल, सुटलीस ना? ते महत्त्वाचं. आभार मान आता."

नर्सने त्यांच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग भिंतीवर नव्याने लावलेल्या समारोपाच्या फोटोकडे.

"कोणाचे?" तिने विचारलं.

तिने मोबाईल पिशवीत न घालता तसाच हातात धरला आणि घरी जायला निघाली.